उशिरा येणाऱ्यांची ओळ

सावदा,
९ सप्टेंबर २०२४

प्रिय कोकिळा आत्या हिस,
शलोमीचा सप्रेम सलाम.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. एक तर फोनवर तुला आता ऐकू येत नाही, तू सगळ्यालाच "हो, हो, बरं आहे" म्हणतेस. मागच्या वेळी मी आईला ताप आला म्हणून सांगितलं, तर तू म्हणालीस, "छान झालं." दुसरं म्हणजे आमची खोली एकच. मी जे बोलेन ते आई खाटेवर पडल्या पडल्या ऐकते. जूनमध्ये तिची उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं, पण कान आहेत तसे आहेत. आणि मला जे विचारायचं आहे ते तिला ऐकू जायला नको.

तूच मला शाळेच्या आधी पाटीवर अक्षरं गिरवायला शिकवलंस. शंका आली की विचारायची, मनात कुजवायची नाही, हेही तूच शिकवलंस. म्हणून विचारते.

आपल्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारच्या प्रभुभोजनाची भाकर आईच करायची, हे तुला माहीत आहे. तिच्या आधी तू करायचीस. आता जुलैपासून मी करते. शुक्रवारी प्याल्यातल्या रसासाठी काळ्या मनुका भिजत घालते, शनिवारी उकळून पांढऱ्या फडक्यातून गाळते. मग बिनमिठाची कणीक मळते, जाड लाटते, आणि तव्यावर टाकण्याआधी बोथट सुरीने आडव्या-उभ्या रेघा पाडते, म्हणजे पाळकसाहेबांना मोडायला सोपं. आईची सवय होती, बायका-पुरुष मोजून तुकडे धरायचे आणि वर एक ओळ जास्त. मी लहानपणी विचारलं होतं, ही कुणासाठी? ती म्हणाली, "उशिरा येणाऱ्यांसाठी." आता उशिरा येणारं कुणी उरलेलं नाही. तरुण पोरं पुण्याला गेली, दोन घरं नाशिकला. तरी मी ती ओळ पाडते.

तर माझा प्रश्न. ज्या माणसाचं मन शुद्ध नाही, त्याने ही भाकर करावी का? आणि त्याने केली, तर खाणाऱ्यांना काही दोष लागतो का? तुला हसू येईल, पण मला झोप लागत नाही. मी दिवसभर केळीच्या पॅकिंगमध्ये फण्या धुते, चिकाने माझे हात काळे पडलेत. साबणाने जात नाहीत, रॉकेलने जात नाहीत. कणीक मळताना ते हात बघते आणि वाटतं, हे बरोबर नाही.

उत्तर लवकर पाठव. पहिल्या रविवारच्या आत आलं तर बरं.

तुझी,
शलोमी


देवपूर, धुळे
१९ सप्टेंबर २०२४

चि. शलोमीस,
आत्याचा सलाम व आशीर्वाद. वहिनीचा हात हातात घेऊन तिला माझा सलाम सांग.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा भाकरीचं वाचलं, दुसऱ्यांदा तू जे लिहिलं नाहीस ते वाचलं.

आता मी सरळ विचारते. मागच्या आठवड्यात इथे एका लग्नाला तिकडची माणसं आली होती. जेवणाच्या पंगतीत एक बाई माझ्या कानाजवळ येऊन ओरडली, म्हणजे तिला वाटलं कुजबुजतेय, "तुनी भाची भाकर लेत नही म्हणे, काय भानगड शे?" अख्ख्या पंगतीने माना वळवल्या. मी म्हटलं, "तू तुनी पुरी खाय." पण घास गोड लागला नाही.

शलू, कुणी मुलगा आहे का? असला तर असू दे. तू सव्वीस वर्षांची आहेस, कुणी आवडलं म्हणून मी काही तुला गंगेत बुडवणार नाही. आपल्यातला आहे की बाहेरचा? पॅकिंगमधला आहे का? वहिनीला सोडून जावं लागेल म्हणून तुला अपराधी वाटतंय का? घाबरू नकोस, लिही. मुलगा चांगला असेल तर मी स्वतः येऊन बोलेन. चांगला नसेल तरी येऊन बोलेन, फक्त वेगळ्या आवाजात.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर एवढंच: पीठ गिरणीचं, पाणी नळाचं, भाकर देवाची. तुझ्यामुळे ती बिघडत नाही. तेवढी तू मोठी नाहीस.

आणि हातांचं म्हणशील तर डाग वेगळा, मळ वेगळा. केळीचा चीक हा कामाचा डाग आहे.

तुझी,
कोकिळा आत्या


सावदा,
२८ सप्टेंबर २०२४

प्रिय आत्या,
सलाम.

मुलगा नाही गं. असता तर किती सोपं झालं असतं. तुझं पत्र वाचताना मी एकटीच हसले, आई बघत होती, तिलाही हसू आलं, म्हणजे डाव्या बाजूने. तिला वाटलं असेल, तू काहीतरी विनोद लिहिलास.

खरं आहे, मी जुलैपासून भाकर घेत नाही. ताट माझ्यापर्यंत येतं, मी शेजारणीकडे सरकवते. कारण आता सांगते.

आईला जळगावहून घरी आणलं त्याच आठवड्यात मंडळी प्रार्थनेला आली. आपले पंच प्रेमराजभाऊ आईच्या उशाशी उभे राहिले, डोळे मिटले आणि मोठ्याने प्रार्थना करू लागले. डॉक्टरांसाठी केली, औषधांसाठी केली. आणि मग म्हणाले, "हे प्रभो, या घरात कुठे अविश्वास लपला असेल, कुठे गुप्त पाप असेल, तर ते उघड कर, म्हणजे आमची बहीण तानुबाई बरी होईल."

आत्या, कुणी बोलताना असं म्हटलं असतं तर मी उत्तर दिलं असतं. पण प्रार्थनेत कसं अडवायचं? डोळे मिटलेले, सगळे उभे. आई जागी होती. तिच्या डोळ्यांतून पाणी कानापर्यंत ओघळलेलं मी पाहिलं, कारण माझे डोळे उघडे होते. आणि शेवटी सगळ्यांनी "आमेन" म्हटलं.

मीसुद्धा म्हटलं.

हे मला सहन होत नाही. माझ्या आईला दोष लावणाऱ्या बोलण्याला माझ्या तोंडून आमेन गेलं. आणि गंमत बघ, प्रभुभोजनाचं ताट फिरवण्याचं काम प्रेमराजभाऊंकडे आहे. मी शनिवारी भाजलेली भाकर रविवारी तेच माझ्यापुढे धरतात. ज्याच्याबद्दल मनात एवढं भरलंय, त्याच्याच हातून मी ती घेऊ कशी? आधी समेट, मग प्रभूचं मेज, असंच तर आपल्याला शिकवलंय. मी रोज म्हणते, "प्रभो, मी त्यांना क्षमा केली." आणि रोज सकाळी फण्या धुताना त्यांचा आवाज डोक्यात सुरू होतो. मग ती क्षमा खोटी नाही का? खोट्या क्षमेवर घेतलेली भाकर तर जास्तच वाईट.

म्हणून सरकवते. आणि मी सरकवते म्हणून लोकांना वाटतं, भाऊ म्हणाले ते खरंच होतं, त्या घरात काहीतरी आहे.

आई बरी आहे. म्हणजे आहे तशीच आहे. चादरी, कूस बदलणं, भरवणं, मग पॅकिंग, परत चादरी. शेजारच्या बेबाबाई दुपारी तिच्याजवळ बसतात. आई खायला फार त्रास देते. मी जेवल्याशिवाय तोंडच उघडत नाही. चमचा नेला की दात आवळते. काल बेबाबाई मला म्हणाल्या, "अवं पोरी, आधी तू खाय. तुही माय तुह्याआधी घास घेईन का? जनमात घेतला नाही तिनं." मग मी उभ्या उभ्या दोन घास खाल्ले आणि आईने लगेच तोंड उघडलं. बेबाबाई म्हणतात, "बोलणं गेलं, पण हट नाही गेला बयेचा."

तू सांग, मी काय करू?

तुझी,
शलोमी


देवपूर, धुळे
६ ऑक्टोबर २०२४

चि. शलू,
सलाम व आशीर्वाद.

आज चर्चमधून आले आणि चप्पल काढण्याआधी लिहायला बसले.

प्रेमराजचा मला राग आला आहे. तो लहान असताना रविवारच्या शाळेत माझ्याच वर्गात होता, तेव्हाही दुसऱ्यांच्या चुका आधी सांगायचा. माझ्या वहिनीच्या उशाशी उभं राहून असं म्हणायला याची जीभ कशी रेटली? पण तो राग माझा मी बघून घेईन. तुझ्या रागाचं बोलू.

तू घरात बसून, कणकेपुढे बसून, फण्या धुताना त्याला क्षमा करतेस. त्याला ठाऊक आहे का? नाही. त्याला वाटतंय, तुला कुठलंतरी पाप टोचतंय. म्हणजे तुमच्या दोघांमध्ये जे आहे, त्यातलं त्याला अर्धंसुद्धा माहीत नाही. समेट एकट्याने होत नसतो, शलू. त्याच्याकडे जा आणि त्याला सांग की तुमच्या त्या प्रार्थनेने मला मारलं. एवढंच. तो काय म्हणेल ते त्याच्यावर.

आमेन म्हटल्याचं मनातून काढून टाक. आमेन आपल्याला इतकं पाठ आहे की पाय घसरला तरी तोंडातून तेच निघतं. देवाला ते कळत नसेल का?

भाकर सोडू नकोस. करणंही सोडायचं नाही आणि घेणंही नाही.

माझं म्हणशील तर ठीक आहे. कानाचं यंत्र बसवलं, ते शिट्टी वाजवतं. उपासनेत मध्येच वाजलं तर सगळे माझ्याकडे बघतात, म्हणून काढून पर्समध्ये ठेवते.

तुझी,
आत्या


सावदा,
५ नोव्हेंबर २०२४

प्रिय आत्या,

तू सांगितलंस त्यातलं मी काहीच केलं नाही, हे आधीच लिहून टाकते.

प्रेमराजभाऊंच्या घरापर्यंत दोनदा गेले. एकदा ते दारात स्कूटर पुसत होते, मी "सलाम भाऊ" म्हणून पुढे निघून गेले, जणू मला बाजारातच जायचं होतं. मग खरंच बाजारात जाऊन मेथी घेऊन आले. दुसऱ्यांदा गल्लीच्या तोंडावरून परतले.

ऑक्टोबरच्या शेवटी मात्र मी पाळकसाहेबांना सांगितलं की मला भाकर करणं जमणार नाही. कारण विचारू नका म्हटलं. हिलाल पाळकसाहेब भला माणूस, महिन्यातून एकदा जळगावच्या मेहरूणहून मोटारसायकलवर येतो, त्याला मंडळीत काय शिजतंय ते कुठून कळणार? ते म्हणाले, बरं, या वेळी डिंपलताई करतील. डिंपलताई म्हणजे प्रेमराजभाऊंची बायको.

आत्या, डिंपलताईंनी दशम्या करतात तशी दुधात मळली. मीठ घातलं. वर ओवा. आणि पातळ होऊ नये म्हणून इतकी जाड लाटली की पाळकसाहेबांना ती मोडेना. त्यांनी दोन्ही हातांनी ओढली तेव्हा कुठे फाटली, मग सगळ्यांच्या वाट्याला वाकडेतिकडे मोठे तुकडे आले. त्यानंतर शांत मनन असतं ना, तेव्हा अख्खी मंडळी डोळे मिटून चावत होती. बराच वेळ. गिळून झाल्याशिवाय प्याला घेता येईना, आणि पाळकसाहेब मान खाली घालून थांबलेले. मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. मी हसले नाही. मला रडू आलं, कारण आईच्या हातची भाकर मी माझ्या हट्टापायी मंडळीच्या तोंडची काढली होती.

पण हे काहीच नाही. खरं दुःख पुढे आहे.

दुपारी पाळकसाहेब नेहमीसारखे आईला प्रभुभोजन द्यायला घरी आले. जुलैपासून दर महिन्याला येतात, पण त्या वेळी मी पॅकिंगवर असते, रविवारी दुपारी गाडी भरायची असते. बेबाबाई सांगायच्या, "आले, परारथना केली, गेले." मी कधी जास्त विचारलं नाही. या रविवारी दिवाळीमुळे पॅकिंग बंद, म्हणून मी घरी होते. पाळकसाहेबांनी भाकरीचा बारीक तुकडा रसात भिजवून मऊ केला आणि आईच्या तोंडाशी नेला. तिने दात आवळले. ते म्हणाले, "तानुबाई, घ्या." तिने डाव्या हाताने ताट माझ्या बाजूला ढकललं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. पाळकसाहेबांनी मला विचारलं, "तू घेतेस?" मी नाही म्हणून मान हलवली. ते मला दारापर्यंत नेऊन हळूच म्हणाले, "जुलैपासून असंच करतात. तुला सांगावं की नाही, कळत नव्हतं."

जुलैपासून, आत्या. माझ्या आईने. जिने आयुष्यभर त्या मेजाची भाकर केली. प्रेमराजभाऊंच्या त्या प्रार्थनेने तिला इतकं तोडलं की तिने मेजाकडे पाठ फिरवली. तिला वाटत असेल, देवानेच तिला दोषी ठरवलं. आणि तिला समजावायला मी कोण? मीच घेत नाही.

मी थकले आहे. चर्चमध्ये गेले तरी आत काही हलत नाही. गाणं म्हणते, ते माझंच मला लांबून ऐकू येतं. रात्री आईजवळ प्रार्थनेला बसते आणि पहिल्या वाक्यालाच डोळा लागतो. हे सगळं चालू ठेवणं म्हणजे ढोंग वाटायला लागलंय. पॅकिंगचे योगराजभाऊ, म्हणजे बेबाबाईंचा मुलगा, म्हणतात की रविवारी सकाळीही आलीस तर बरं होईल. मी आतापर्यंत नाही म्हणत होते. आता वाटतं, हो म्हणावं. निदान तिथे फण्या धुतल्या की स्वच्छ होतात तरी. डिसेंबरपासून चर्चला जाणं थांबवावं असं मनात आहे. देवावर रुसून नाही. फक्त खोटं करायचं नाही म्हणून.

रागावू नकोस.

शलोमी


देवपूर, धुळे
११ नोव्हेंबर २०२४

शलू,

सलाम वगैरे नंतर. आधी हे वाच.

तुझं सप्टेंबरचं पत्र माझ्याकडे आहे, तेही काढून समोर ठेवलंय. त्यात तूच लिहिलंस की वहिनी तू जेवल्याशिवाय तोंड उघडत नाही, चमचा नेला की दात आवळते, तू दोन घास खाल्लेस की लगेच घेते. आणि आताच्या पत्रात लिहिलंस की तिने दात आवळले आणि ताट डाव्या हाताने तुझ्या बाजूला ढकललं.

तुझ्या बाजूला, शलू. नको असतं तर पाळकाच्या बाजूला ढकललं असतं.

एकाच बाईने केलेली एकच खूण तू दोन पत्रांत लिहिलीस, आणि भातापुरती तुला कळली. तुझ्यापेक्षा बेबाबाईला जास्त कळतं. वहिनीने मेजाकडे पाठ फिरवलेली नाही. तिची पोरगी उपाशी आहे हे तिला कळलंय. कोणी सांगितलं विचारू नकोस, मंडळीतल्या बायका येऊन बसतात आणि त्यांना वाटतं, बोलता येत नाही म्हणजे ऐकूही येत नाही. ती थांबली आहे. जुलैपासून ती तुझ्यासाठी उपाशी थांबली आहे, आणि तू तिला अविश्वासी ठरवून मोकळी झालीस. मग प्रेमराजने वेगळं काय केलं?

हे कडक झालं, पण खोडणार नाही.

आता ढोंगाचं. आत काही हलत नाही म्हणतेस. मी दोन वर्षं झाली, उपासनेतला एक शब्द ऐकलेला नाही. ना उपदेश, ना गाणं. लोक उभे राहिले की उभी राहते, बसले की बसते. ओठ हलवते, सूर लागतोय की नाही ते माझ्या शेजारणीला ठाऊक, बिचारी काही बोलत नाही. सून म्हणाली, "आई, काही कळत नाही तर घरीच बसा ना." मी तिला म्हटलं, "मी ऐकायला जात नाही, बसायला जाते." माझी जागा आहे तिथे. मी नसले तर ती रिकामी दिसेल. देवाला माझं ऐकू येतं, एवढं मला पुरतं. यात ढोंग कुठे आहे, दाखव मला.

झोप लागते तर लागू दे. दिवसभर देवाच्याच एका आजारी लेकराची चादर धुतलीस ना?

आता शंका विचारत बसू नकोस. मला उत्तरही लिहू नकोस. आधी प्रेमराजकडे जा. या वेळी मेथी आणू नकोस.

आत्या


सावदा,
२ डिसेंबर २०२४

प्रिय आत्या,
सप्रेम सलाम.

तू उत्तर लिहू नकोस म्हणालीस म्हणून इतके दिवस थांबले. तुझं पत्र वाचून दोन दिवस तुझा फार राग आला. तिसऱ्या दिवशी आईला भरवताना मुद्दाम माझा घास आधी घेतला आणि तिच्याकडे बघत राहिले. तिने तोंड उघडलं. मग मी पत्र परत काढून वाचलं.

परवा शनिवारी पॅकिंगवरून तशीच प्रेमराजभाऊंकडे गेले. हात धुवायलाही थांबले नाही, थांबले असते तर परत मेथी आणली असती. ते ओट्यावर पेपर वाचत होते. मी उभीच राहिले.

"भाऊ, मला तुमच्याशी बोलायचंय."

"बस ना बेटा. डिंपल, चहा टाक."

"चहा नको. जूनमध्ये तुम्ही आईच्या उशाशी जी प्रार्थना केलीत, आमच्या घरात गुप्त पाप असेल म्हणून, ती मला फार लागली. आईलाही. ती रडत होती. म्हणून मी तुमच्या हातून भाकर घेत नव्हते. दुसरं काही कारण नाही."

एका दमात बोलले. त्यांनी पेपरची घडी घातली, परत उघडली, परत घातली.

"मी काही तुला बोललो नव्हतो, शलोमी. मी देवाशी बोलत होतो."

"मग स्वतःच्या घरी बोलायचं होतं देवाशी. माझ्या आईच्या उशाशी नाही."

माझा आवाज चढला होता. आत्या, मी कधीच मोठ्या माणसाशी असं बोललेले नाही. आतून डिंपलताईंचा आवाज आला, "मी त्याच दिवशी म्हटलं होतं तुम्हाला. म्हटलं होतं की नाही?"

"तू गप गं."

"गप काय? तानुबाईने माझ्या बाळंतपणात महिनाभर डबा दिला, आणि तुम्ही तिच्याच घरात पाप शोधायला गेले."

भाऊंनी पेपर बाजूला ठेवला. मग खाली बघतच म्हणाले, "कारण शोधत होतो मी. कारण सापडलं असतं तर ती बरी झाली असती, असं वाटलं. अशी बाई अशी पडते, काही कारणच नाही, म्हणजे मग आपलं कुणाचं काय सांगावं? भीती वाटली मला."

"मग सापडलं कारण?"

"नाही."

क्षमा मागितली नाही त्यांनी. मी वाट बघितली, खोटं कशाला बोलू. पण त्यांचा चेहरा इतका म्हातारा दिसला की मला पुढे काही बोलवेना. मी म्हटलं, "भाऊ, माझ्या मनात अजून आहे. सगळं गेलेलं नाही. पण उद्या मी तुमच्या हातून घेणार आहे."

ते म्हणाले, "घे. आणि भाकर तूच कर गं बाई. डिंपलची नको." आतून भांडं आपटल्याचा आवाज आला.

मनुका मी आदल्या दिवशीच भिजत घातल्या होत्या. म्हणजे जायचं की नाही ते ठरायच्या आधी हातांनी ते ठरवून ठेवलं होतं. घरी येऊन रस उकळला, गाळला. परात आईच्या खाटेजवळ नेली, तिला दिसेल अशी. मळताना आई सुरीकडे बघत होती. मी रेघा पाडल्या. शेवटच्या ओळीपाशी थांबले, तशी तिने डाव्या हाताचं बोट हलवलं. ती ओळही पाडली.

काल प्रेमराजभाऊ ताट घेऊन माझ्यापुढे आले. मी घेतलं. तुला खरं सांगते, आत काहीच हलल्यासारखं वाटलं नाही. भाकर थोडी कडक झालीय, पुढच्या वेळी पाणी जास्त घालायला हवं, एवढंच मनात आलं. मग भीती वाटली की असं मनात येणं बरं का. मग तू आठवलीस, पर्समध्ये यंत्र ठेवून ओठ हलवणारी. मी जागेवर बसून राहिले.

दुपारी योगराजभाऊंना सांगून गाडी भरायला उशिरा जायचं ठरवलं. रविवार सकाळचंही स्पष्ट नाही म्हणून टाकलं. ते म्हणाले, "बरं बाई, तुझ्या मेहनतीला नाव ठेवता येत नाही, तुझा रविवार तुला." पाळकसाहेब घरी आले. डब्यात शेवटची ओळ तेवढी उरली होती, तीच त्यांनी आणली होती. मी विचारलं, सकाळी घेतलंय, आता परत घेतलं तर चालेल का? ते म्हणाले, आजाऱ्याबरोबर घरच्यांनी घ्यावं, चालतं. त्यांनी तुकडा आईच्या तोंडाशी नेला. तिने दात आवळले आणि ताट माझ्याकडे ढकललं.

मी घेतलं. तिच्यासमोर, तिला दिसेल असं.

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी गिळेपर्यंत बघत होती. मग तिने तोंड उघडलं.

पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. बेबाबाई दारात उभ्या होत्या, पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "जेवली एकदाची." आणि शेवटी मी आमेन म्हटलं. या वेळी डोळे उघडेच ठेवले होते, काय म्हणतेय ते बघून म्हटलं.

आई बरी झालेली नाही. होईल असं डॉक्टरही म्हणत नाहीत. आज परत चादरी आहेत, पॅकिंग आहे, चीक आहे. प्रेमराजभाऊंचा आवाज सकाळी एकदा डोक्यात आलाच. मी त्याला म्हटलं, थांब, आपलं बोलणं झालंय. थकवा आहे तसाच आहे. पण ढोंग वाटत नाही आता. पुढच्या महिन्याच्या मनुका मी आजच आणून ठेवल्यात.

तुझी,
शलोमी

ता.क. तू लिहिलेलं कडक होतं, ते खोडलं नाहीस ते बरं केलंस.


देवपूर, धुळे
१० डिसेंबर २०२४

चि. शलूस,
आत्याचा सलाम. वहिनीला सांग, तिची नणंद येतेय.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी मी सावद्याला येते. मुलगा म्हणतो, ऐकू येत नाही, एकटी कशी जाशील? मी म्हटलं, बसला पाटी असते, ती वाचता येते. धुळ्याहून पहाटेची बस, जळगावला बदलायची. वाटेत कुठे अडकले तर उपासना सुरू झालेली असेल. तरी मी आत येईन, पुढे येऊन बसेन, यंत्र शिट्टी वाजवत असेल तर वाजू दे.

ती शेवटची ओळ पाडशील ना? मी उशिरा येणाऱ्यांतली आहे.

तुझी,
कोकिळा आत्या